बेथेलचा पाळक

आज नशिराबादेत दिवसभर पाऊस. ओट्यावर बसले, तरी मनात ब्राह्मणाघरी जन्मून ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्रीच होते. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपतही मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टाने त्याला वडिलांकडे परत दिले. त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर झगडले. एका आईची दोन लेकरं, दोन वाटांना! त्या माउलीचा विचार सुटत नाही.

नारायणराव स्कॉटिश फ्री चर्चचे पाळक झाले आणि मुंबई सोडून निजामाच्या मुलखात, जालन्याला गेले. तिथे त्यांनी बेथेल नावाचं गावच वसवलं. श्रद्धा म्हणजे प्रार्थना, एवढंच मी धरून होते. ब्राह्मणाघरचा हा माणूस मात्र गावकुसाबाहेरच्यांना जवळ करून त्यांच्यातच राहिला. माझ्या लेखी तीच खरी भक्ती.