तुरट साल

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य फार कानी पडते. कचेरीतील आमचे भाऊ निवृत्त झाले, त्या दिवशी नाशिकला त्यांच्या गच्चीवरही ते ऐकले. द्राक्षांचा हंगाम होता. टेबलावर तीन बाटल्या: शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ आणि लाल शिराझ.

“ताई, हा नुसता द्राक्षाचा रस आहे!” एकाने आग्रह केला. रसातली साखर आंबून अल्कोहोल होते. मी बाटलीवरचे १३ टक्के वाचून दाखवले.

पाचवे शील मी पाळते. १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची एक आहे. माझ्या आईने ती का घट्ट धरली, हे पगाराच्या रात्री वस्तीत जिने काढल्या तिलाच कळेल. बाटली महाग म्हणून तो हिशेब बदलत नाही. पण वीस वर्षे ज्यांच्यासोबत डबा खाल्ला, त्यांच्या निरोपाला जायचे नाही की काय?

वहिनींनी माझ्यापुढे काळ्या द्राक्षांची ताटली ठेवली. “साल वेगळी चावून बघा,” भाऊ म्हणाले. गर फिकट, गोड. साल चांगलीच तुरट. लाल वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिला रंग आणि तुरटपणा येतो. पांढरीसाठी रस आधीच सालींपासून वेगळा करतात. भाऊंनी शिराझचा घोट घेतला, मी साल चावली.

“तुरट?”

“तुरट.”

आग्रह करणाऱ्यानेही मग ताटलीत हात घातला.