वय टायरचेही मोजावे

डाळ निवडताना आपण खडा पाहतो, साडी घेताना पोत पाहतो, गॅसची नळी कधी बदलली तेही लक्षात ठेवतो. पण ज्या टायरांवर सगळे घरदार बसवून आपण देवदर्शनाला निघतो, त्यांच्याकडे आपल्यापैकी कितीजणी वाकून पाहतात? "तो पुरुषांचा विषय" म्हणून आपण डबे भरायला लागतो. गाडीत बसणार मात्र आपणही असतो, आणि आपली मुलेही.

आम्ही सिद्धेश्वरला राहतो, हिंगोली जिल्ह्यात, पूर्णा नदीवरच्या धरणाजवळ. आमच्या एकत्र कुटुंबाची एक जुनी ट्रॅव्हलर आहे. या गाडीला खेड्यापाड्यांत अजून 'टेम्पो'च म्हणतात. हे नाव जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या एका कारखान्याचे. त्यांच्याशी करार करून पुण्याच्या बजाज टेम्पोने इथे गाड्या बनवल्या आणि नाव आपल्या तोंडी बसले. कारखान्याचे नाव पुढे फोर्स मोटर्स झाले, पण आपला टेम्पो तो टेम्पोच राहिला.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून प्रवास. तेव्हा आम्ही जावा-जावा हसलो होतो. आमचे तर वर्षानुवर्षे हेच चालले आहे! आसनांवर फळ्या टाकल्या की रात्री चौघींची झोपायची सोय होते. मागे पाण्याचा पिंप, शिध्याची पेटी, शेगडी, भांड्यांचे पोते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट असेच झाले. एरवी गाडी महिनोन् महिने अंगणात उन्हात उभी असते.

यंदा आषाढीच्या आधी टायरांचा विषय निघाला. धाकटे भाऊजी म्हणाले, "वहिनी, अजून दोन वर्षं कुठे जात नाहीत हे टायर. नक्षी बघा की, नव्यासारखी आहे!" नक्षी खरेच खोल होती. नियमाप्रमाणे चारचाकीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. खाचेच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात, ते नक्षीच्या बरोबरीला आले की टायर संपला असे समजावे. आमचे उंचवटे खूप खाली होते. पण टायरच्या कडेला बारीक भेगा पडल्या होत्या, उन्हाळ्यात तळ्याच्या गाळाला पडतात तशा.

टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१७' असेल तर तो टायर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. आमच्या टायरांना आठ वर्षे झाली होती. स्टेपनीलाही तितकीच, जरी ती कधी रस्त्याला लागली नव्हती. रोज धावणाऱ्या गाडीचा टायर घासून संपतो, उभ्या गाडीचा वयाने. रबरात भेगा रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर दबते-सुटते, तशी ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी नुसती उभी राहिली की ते होत नाही आणि ऊन-हवा रबराला खात जाते. म्हणून पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी वापरू नये.

भाऊजींचा दुसरा तोडगा रिमोल्डचा. ती काही वाईट गोष्ट नाही. आपली एसटीही टायर रिमोल्ड करून वापरते. पण तिथे आतला सांगाडा धडधाकट आहे का ते आधी तपासतात. भेगाळलेल्या भिंतीला रंग दिला म्हणून भिंत पक्की होते का?

तिसरा तोडगा मला खरा धोक्याचा वाटला, कारण तो दिसायला अगदी चोख होता. त्याच मापाचा, २१५/७५ आर १५, पण स्वस्तातला टायर. माप तेच, मग फरक कसला? फरक मापापुढच्या आकड्यात होता. स्वस्त टायरवर १०० होते, महागावर १०६. हा भाराचा सांकेतिक आकडा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०६ म्हणजे ९५०. पुढे तिरकी रेघ देऊन आणखी एक आकडा असतो, तो जोडचाकांसाठी. आमची चाके एकेरी, म्हणून पहिलाच आकडा आमचा.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते, सातवीला गणित. मनात म्हटले, हे उदाहरण सोडवायलाच हवे. एका रविवारी गाडीत पिंप भरला, पेटी ठेवली, सगळ्यांना बसवले आणि ह्यांना गाडी वजनकाट्यावर न्यायला लावली. काट्यावरची माणसे पाहतच राहिली! आधी फक्त पुढची चाके चढवली, ११८० किलो. मग पूर्ण गाडी, २९४० किलो. वजाबाकी केली की मागच्या चाकांवर १७६०. स्वस्त टायर मागे दोन मिळून १६०० उचलणार, म्हणजे १६० किलो कमी पडणार. महाग टायर १९०० उचलणार, म्हणजे १४० किलो हाताशी उरणार. पिंप एका अंगाला होता तोही मध्ये सरकवला, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखे असेल तरच हा हिशोब खरा.

तरी पैशांचा प्रश्न उरलाच. स्टेपनीसह पाच टायर, चाळीस हजारांच्या घरात. घरच्या पेटीत त्याच्या निम्मेच होते. उरलेले माझ्या पगारातून साठले होते, पण ते लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी. दोन रात्री झोप लागली नाही. शेवटी जेवताना सांगून टाकले, "निम्मे मी घालते, दिवाळीपर्यंत पेटीतून परत द्या. पण या टायरांवर मी मुलांना बसवणार नाही, आणि आत्यांनाही नाही." भाऊजी गप्प. हे वरणभात कालवत राहिले. बोलल्या त्या सासूबाई, "माझं वय झालं तर मला जिना चढू देत नाही. मग टायरचं वय झालं तर त्याला का पळवता रे?" विषय तिथे मिटला. खरेदीला भाऊजी स्वतःच पुढे झाले.

दुकानात 'नवा' म्हणून पुढे केलेला एक टायर दोन वर्षांपूर्वीचा निघाला. मी आकडे वाचून दाखवले. दुकानदार हसले, पण आतून दुसरा आणून दिला. आयएसआयचे चिन्ह पाहिले, जुने व्हॉल्व्ह बदलून घेतले आणि पक्की पावती मागून घेतली. तुमच्याकडे दोनच टायरांपुरते पैसे असतील तर नवे दोन मागे बसवा. ओल्या रस्त्यावर मागची चाके घसरली की गाडी सावरणे कठीण जाते.

टायरवरचा भाराचा आकडा पुरी हवा असेल तरच खरा. हवा किती ते गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. ती सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. तापमान पाच-सहा अंशांनी चढले की हवा साधारण एक पौंड वाढते, म्हणून दुपारी वाढलेली पाहून काढून टाकू नये. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि फुटतो. नायट्रोजन भरायचा का असे विचाराल, तर आपल्या साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. महिन्यातून एकदा हवा पाहणे जास्त मोलाचे.

आता गाडी छपराखाली असते. चाकांवर जुन्या सतरंज्यांचे तुकडे शिवून घातले आहेत आणि दर पंधरवड्याला भाऊजी एक फेरी मारून आणतात. आषाढीला सासूबाईंना पंढरपूर घडले. दिवाळीआधी माझे निम्मे पैसे परत आले, उरलेले संक्रांतीपर्यंत येतील.

तुमच्या घरी गाडी नसेल, पण लग्नाला, सहलीला भाड्याची तर करता ना? मग सामान चढेपर्यंत पाच मिनिटे काढा. ड्रायव्हरदादांना दुखवू नका, हसत विचारा, "दादा, टायर कोणत्या सालचे?" ते चार आकडे मुलांना वाचायला लावा. स्टेपनीत हवा आहे का तेही पाहा. उत्तर मनाला पटले नाही तर दुसरी गाडी मागायला संकोचू नका. तासभर उशीर झाला तरी मुहूर्त चुकत नाही.