रुद्रम्मा आणि आई

केंद्र सरकारनं १९९९ साली स्त्री शक्ती पुरस्कार सुरू केले. जिजामाता, अहिल्याबाई, झाशीची राणी अशा नावांचे. वरंगळच्या राणी रुद्रम्मादेवीचं नाव त्यात नंतर आलं. आम्हा आदिलाबादच्या मराठी मंडळींना त्याचंच जास्त अप्रूप.

जिजाऊ घरात कळते. रुद्रम्मा आली ती शाळेच्या तेलुगू पुस्तकातून. आईला तेलुगू वाचता येत नव्हतं. १९५६ ला राजुरा, किनवट मुंबई राज्यात गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात. कचेरीचा कागद आला की ती आम्हा पोरांना हाक मारायची, आणि त्याची तिला लाज वाटायची. (उगाच!) रुद्रम्माचा धडा मात्र तिनं दोनदा वाचून घेतला. तेराव्या शतकात बापानं, गणपतिदेवानं, लेकीला गादी दिली. ती रुद्रदेव या पुरुषी नावानं राज्य करायची. आई म्हणाली, "बाईच्या नावानं चाललं नसतं का गं?"

२०१५ पासून या पुरस्कारांना नारी शक्ती म्हणतात. २०१७ चा आपल्या वर्ध्याकडच्या सिंधुताई सपकाळांना मिळाला. टीव्हीवर बातमी बघून आई म्हणाली, "बघ, लुगडं आपलंच, आन् नावबी सोताचंच."