लाल की तपकिरी?

परवा बाबांनी सोल्डरिंगची पेटी माळ्यावर टाकायला सांगितली. "पुरे आता. लाल आणि तपकिरी पट्टीतला फरक कळेना झालाय मला."

आदल्या दिवशी ट्रान्झिस्टर दुरुस्त करताना त्यांनी ४७०० ओहमच्या जागी ४७० ओहमचा रेझिस्टर लावला होता. पिवळा-जांभळा-लाल म्हणजे ४७००, पिवळा-जांभळा-तपकिरी म्हणजे ४७०. एका पट्टीची चूक आणि दहा पटींचा गोंधळ! बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पण मोतीबिंदू काढलेले, डॉक्टरांच्या मते नजर उत्तम. मग?

रात्री त्यांचीच बॅटरी घेऊन मी ते रेझिस्टर बघत बसलो. मलाही लाल पट्टी तपकिरीच दिसली! सकाळी गॅलरीत उन्हात धरली तर चक्क लाल. म्हणजे दोष डोळ्यांचा नव्हताच. स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळा प्रकाश असतो, त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन तो पांढरा करतात. त्यात लाल फार कमी. उजेडातच लाल नाही, तर पट्टी लाल दिसणार कशी? जुन्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर असायचा.

संध्याकाळी बुधवारातली तपकीर गल्ली गाठली. (लाल-तपकिरीचं कोडं घेऊन तपकीर गल्लीत! असो.) दुकानदार म्हणाला, "काका, ही घ्या, लांबवर फेक आहे." मला फेक हवी होती वीतभर! अशा बॅटरीचा झोत बोर्डावर मधोमध भगभगतो, सोल्डर चमकून डोळे दिपतात आणि कडेला अंधार. जवळच्या कामाला उजेड पसरट हवा, शक्यतो तिरपा; म्हणजे सुटलेल्या टाक्याभोवतीची बारीक तड सावलीनं उठून दिसते. शिवाय अंतर निम्मं केलं की उजेड चौपट पडतो, त्यामुळे फार ताकदही लागत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी ठरवली.

रंग किती खरे दिसतील याचा एक आकडा असतो, सीआरआय. शंभरपैकी ९० च्या वर असेल तर उत्तम. पण बहुतेक खोक्यांवर तो छापलेलाच नसतो. म्हणून मी खिशातून ते दोन रेझिस्टर काढले आणि एकेका बॅटरीखाली धरून बघितले. दुकानदार हसला, पण पाचव्या बॅटरीला लाल लाल दिसला. तीच घेतली.

घरी बाबांनी ती डोक्याला बांधली. "हा लाल. हा तपकिरी." मग जरा वेळानं हळूच म्हणाले, "मला वाटलं, मीच संपलो रे."

काय बोलणार? त्यांची जुनी दोन सेलची पितळी बॅटरी भंगारात देऊन ती पांढरी एलईडीची मीच आणून दिली होती, दोन वर्षांपूर्वी, त्यांच्या वाढदिवसाला. तसं सांगितलं त्यांना. ते म्हणाले, "असू दे. आता ती पेटी खाली काढ."