पुदुपेट : गाड्यांच्या अवयवदानाची गल्ली

गाडीचं मॉडेल बंद झालं, शोरूमला टाळं लागलं, पार्ट मिळेनासा झाला, की जुनी जपानी गाडी जिवापाड जपणाऱ्यांची पावलं चेन्नईतल्या या गल्लीकडे वळतात. इथे एक गाडी मरते आणि तिच्या अवयवांवर इतर दहा गाड्या जगतात. पण ही गल्ली स्वतः किती दिवस जगणार?

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून बाहेर पडून दक्षिणेकडे पंधरा-वीस मिनिटं चाललं की हवेचा वास बदलतो. फिल्टर कॉफीचा दरवळ मागे पडतो आणि नाकात शिरतो तो जळक्या ऑइलचा, गंजाचा आणि जवळून वाहणाऱ्या कूवम नदीचा दर्प. हातोड्याचे घाव कानावर आदळू लागतात. समजायचं, पुदुपेट आलं!

लँग्ज गार्डन रोड आणि त्याला फुटलेल्या बोळांमध्ये दुकानांची दाटी आहे. दुकान कसलं, आठ-दहा फुटांचा गाळाच तो. एकात फक्त दरवाजे, पुस्तकांसारखे उभे रचलेले. शेजारी नुसते हेडलाइट, छतापर्यंत. त्यापुढे कुणी फक्त गिअर बॉक्स विकतो, कुणी फक्त स्टिअरिंग. फुटपाथवर इंजिनं मांडलेली, तारेवर बंपर टांगलेले. रस्त्यावरच एखादी मोटार ठोकळ्यांवर चढवलेली असते आणि तीन-चार जण तिला खोलत असतात. आधी काचा, मग दारं, मग बॉनेट, डिकी, सीट, वायरिंग. शेवटी साखळी लावून इंजिन उचललं जातं. सकाळी चार चाकांवर आलेली गाडी संध्याकाळी चार दुकानांत विखुरलेली असते.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडलेल्या माणसाला हे दृश्य अगदीच नवं नाही. मात्र इथे सबकुछ वाहनं! नवा पार्ट हवा असेल तर चेन्नईकर अण्णा सालईजवळच्या जनरल पॅटर्स रोडवर जातो. तिथे ‘आता येत नाही’ असं उत्तर मिळालं, की पुदुपेट.

जपानी पाहुणे, मद्रासी मुक्काम

जपानी मोटार भारतात खऱ्या अर्थाने घराघरात पोचली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० च्या किल्ल्या दिल्या गेल्या तेव्हापासून. सुझुकीचं तंत्र, तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन. तोवर अ‍ॅम्बेसेडर आणि फियाटची सवय असलेल्या मेकॅनिकांनी आधी नाकं मुरडली, मग दहा, बारा, चौदा नंबरचे पाने घेऊन ती शिकून घेतली. पुढे जिप्सी आली, १९९० मध्ये मारुती १०००, १९९३ मध्ये झेन, त्यानंतर एस्टीम. १९९८ मध्ये होंडा सिटी आली. हिंदुस्थान मोटर्सच्या काँटेसात आणि नंतर अ‍ॅम्बेसेडरमध्येही इसुझूचं १८०० सीसीचं इंजिन बसलं. म्हणजे अंग विलायती, हृदय जपानी!

चेन्नईचा खास संबंध मात्र मित्सुबिशी लान्सरशी. शहरापासून चाळीसेक किलोमीटरवरच्या तिरुवल्लूरमध्ये हिंदुस्थान मोटर्सने १९९८ पासून ही गाडी बनवली. दीड लिटरचं पेट्रोल आणि दोन लिटरचं डिझेल इंजिन, जमिनीला चिकटून धावणारी बैठक आणि तेव्हाच्या मध्यमवर्गाला स्वप्नवत वाटणारा तोरा. डॉक्टर, कारखानदार, एखादा हौशी बँक अधिकारी, अशांच्या दारात ती उभी राहिली. आज ती बनत नाही. भारतात मित्सुबिशीच्या नव्या मोटारी विकल्याही जात नाहीत. पण ज्यांच्या वडिलांनी ती घेतली, त्यांच्यापैकी अनेकांनी ती मोडीत काढलेली नाही. वडील गेले, गाडी राहिली. तिच्या स्टिअरिंगवर त्यांच्या हातांनी गुळगुळीत केलेली जागा आहे. अशी गाडी विकायची कशी?

आणि मग एके दिवशी पाठीमागून रिक्षा धडकते, दिवा फुटतो आणि शोधाशोध सुरू होते.

इरुक्कु की इल्ले?

पुदुपेटमध्ये तमीळ येत नसलं तरी दोन शब्दांवर भागतं. ‘इरुक्कु’ म्हणजे आहे, ‘इल्ले’ म्हणजे नाही. हातात फुटका दिवा धरायचा, गाडीचं नाव आणि वर्ष सांगायचं. दुकानदार दिवा उलटा करून बघतो. त्याच्याकडे नसला तरी तो सहसा सरळ ‘इल्ले’ म्हणत नाही. “थांबा सार,” म्हणतो आणि पोऱ्याला चार गल्ल्या पलीकडे पिटाळतो. कुणाकडे काय पडलंय याची यादी कागदावर नसते, ती सगळी डोक्यात.

जुन्या जपानी गाड्या अशा बाजारावर का तगतात, याचं उत्तर त्यांच्या बनावटीत आहे. एकच भाग अनेक मॉडेल्सना चालतो. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं, पण त्याच जातकुळीचं इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. एस्टीम आणि जिप्सी यांच्या १३०० सीसी इंजिनांचं घराणं एकच. काँटेसावाल्याला इसुझू इंजिनाचा भाग मिळाला नाही, तर तो १८०० सीसीची अ‍ॅम्बेसेडर शोधतो. जाणकार फक्त गाडीचं नाव विचारत नाही. पार्टवर कोरलेला नंबर तो खडूने घासून वाचतो आणि दुसऱ्या कुठल्या गाडीला तोच नंबर होता, हे आठवू लागतो.

माल येतो कुठून? अपघातात चेपलेल्या, मालकांनी टाकून दिलेल्या, विमा कंपन्यांनी लिलावात काढलेल्या गाड्यांतून. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईत असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा गाडीचे दरवाजे, काचा, चाकं ठणठणीत असतात. पण विजेवर चालणारा भाग, विशेषतः इंजिनाचा कॉम्प्युटर, आतून गंजलेला निघू शकतो. म्हणून कसलेला गिऱ्हाईक प्लगच्या पिना निरखतो, त्यांवर हिरवट थर दिसला की पुढच्या दुकानाकडे वळतो.

वेगाचं वेड

या गल्लीत आणखी एक गिऱ्हाईक येतं. वय पंचवीसच्या आत, जीन्सला ग्रीस, खिशात बेताचे पैसे. त्याला गाडी नुसती चालवायची नाही, पळवायची आहे.

हे वेड या शहराला जुनंच आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ चा. दुसऱ्या महायुद्धातल्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या आणि त्या बघायला गर्दी लोटायची. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टई इथे पावणेचार किलोमीटरचा खास ट्रॅक झाला. त्यावर एस्टीम गर्जत धावल्या. तिकडे रॅलीच्या धुळीत जिप्सीने राज्य केलं. इंजिनाचं डोकं घासून दाब वाढवणं, कॅमशाफ्ट बदलणं, एक्झॉस्ट मोकळा करणं, स्प्रिंगा आखूड करणं, अशी हातचलाखी गॅरेजांतून मुरली. आजही जुन्या ८०० मध्ये झेनचं चार सिलिंडरचं इंजिन बसवण्याचं स्वप्न अनेक पोरं बघतात.

ट्रॅकवर हे ठीक, पण रस्त्यावर कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. इंजिन बदलायचं तर आर.टी.ओ.ची परवानगी आणि आर.सी. बुकात नोंद हवी. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. जास्त ताकदीचं इंजिन जुन्याच ब्रेकवर पळवणं म्हणजे जिवाशी खेळ, हे वेगळं सांगायला नको.

बदनामी आणि भीती

पुदुपेटवर एक जुना डाग आहे. चोरीच्या गाड्या इथे कापल्या जातात, असा संशय वर्षानुवर्षं व्यक्त होतो. कूवमच्या काठावर ऑइल सांडतं आणि कामगार हातमोजे न घालताच पत्रा कापतात, या तक्रारीही खोट्या नाहीत. पण वडिलांकडून मुलाकडे आलेला हा धंदा इमानाने करणारेही याच बोळांत राहतात. खरेदीची पावती, आर.सी. रद्द केल्याचा कागद सांभाळणारा दुकानदार बदनामीत मात्र सगळ्यांबरोबर भरडला जातो.

आता नवी भीती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने वाहन मोडीत काढण्याचं धोरण आणलं. गाडी नोंदणीकृत केंद्रातच मोडायची, तिथून प्रमाणपत्र घ्यायचं, ते दाखवून नव्या खासगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. दुसरीकडे, १५ वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. २० वर्षांवरील गाडीसाठी ती २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर नेली गेली. धूर ओकणारी वाहनं रस्त्यावरून जावीत, चोरीला आळा बसावा, हा हेतू चांगलाच आहे. पण गाड्या थेट चेपून पोलाद वितळवायला जाऊ लागल्या, तर लान्सरचा मागचा दिवा शोधणाऱ्याने जायचं कुठे? आणि वीस वर्षं फक्त गिअर बॉक्स खोलणाऱ्या हातांनी करायचं काय? या गल्लीला जागा, परवाना आणि शिस्त देऊन धोरणात सामावून घेतलं, तर नियमही पाळले जातील आणि कौशल्यही टिकेल.

जुना पार्ट घेताना

घरी जुनी गाडी असेल तर एवढं लक्षात ठेवा. काचा, दिवे, दरवाजे, सीट, आरसे, मीटर हे भाग जुने घ्यायला हरकत नाही. गिअर बॉक्स, अल्टरनेटर मेकॅनिकला दाखवून, परत घेण्याची बोली करूनच घ्या. ब्रेकचे पॅड आणि रबरी नळ्या, टायर, टायमिंग बेल्ट, सीट बेल्ट आणि एअर बॅग मात्र जुन्या बाजारातून कधीही नकोत. तिथे वाचवलेले चार पैसे फार महाग पडतात. इंजिन घेताना त्यावरचा नंबर तपासा, कोरून बदललेला वाटला तर हात लावू नका. आणि पावतीशिवाय काहीही उचलू नका.

संध्याकाळी दुकानांपुढचे दिवे लागतात. दिवसभर हिंडलेल्या एखाद्या गिऱ्हाइकासमोर पोऱ्या कापडात गुंडाळलेली वस्तू आणून ठेवतो. धूळ पुसली जाते. डाव्या बाजूचा मागचा दिवा, अखंड! ज्या लान्सरचा तो होता ती कधीच संपली. दुसरी कुठेतरी, एखाद्या घरापुढे झाकून ठेवलेली, त्याचीच वाट बघत असते.

दुकानदार तेवढंच म्हणतो, “इरुक्कु, सार.”