ब्लॅकमेल आणि चौथाई

प्रिय मित्रवर्य,



मराठ्यांच्या चौथाईला, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्श्याच्या वसुलीला, इंग्रजी ग्रंथांत ‘ब्लॅकमेल’ म्हटलेलं वाचून तुम्ही संतापलात, पण तो शब्द मूळचा काय होता हे आधी पाहायला हवं. त्यातल्या ‘मेल’चा टपालाशी काही संबंध नाही. हा मेल स्कॉटिश बोलीतला, म्हणजे खंड किंवा सारा. त्याचं मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘करार’ या अर्थाच्या शब्दात. चांदीत भरायचा तो पांढरा सारा आणि धान्यात, गुराढोरांत भरायचा तो काळा, असं ‘ब्लॅक’चं एक स्पष्टीकरण देतात, मला मात्र काळं कृत्य हा सरळ अर्थच पटतो. कारण सोळाव्या शतकात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर हा शब्द रुळला तो गुरं पळवणाऱ्या टोळ्यांमुळे. टोळीशी सूत असलेल्या बड्या आसामीला शेतकऱ्यानं पैसे, धान्य, जनावरं द्यायची, की त्याचा गोठा शाबूत. इंग्लंडच्या १६०१ च्या कायद्यानं यासाठी देहदंड ठेवला, तोही घेणाऱ्याला आणि (बिचाऱ्या) देणाऱ्यालाही. स्कॉटलंडमधला नामचीन बंडखोर रॉब रॉय याचा पुतण्या, ग्लेनगाइलचा मॅकग्रेगर, यानं तर १७४१ साली जमीनदारांशी लेखी करारच केला : चोरीची गुरं मुदतीत परत आणीन, नाहीतर किंमत भरून देईन. गुपित फोडण्याची धमकी हा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. त्यात राखण गळाली, धमकी तेवढी उरली.

चौथाई या जुन्या अर्थाच्या कुळातली. मुघल बादशहाच्या १७१९ च्या सनदांनी शाहू महाराजांवर चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार घोडदळ पुरवण्याची जबाबदारी आली. न्यायमूर्ती रानड्यांनी चौथाईची तुलना गव्हर्नर-जनरल वेलस्लीच्या तैनाती फौजेशी, म्हणजे संस्थानिकांनी खर्च देऊन ठेवायच्या इंग्रज फौजेशी, केली ती अशाच आधारावर. इतिहासकार जदुनाथ सरकारांना हे मान्य नव्हतं. चौथाई देऊन फक्त मराठ्यांचा उपद्रव टळे, तिसऱ्या कुणापासून रक्षण मिळत नसे, असं त्यांचं म्हणणं. बंगालपुरतं ते मला नाकारता येत नाही : १७५१ साली तिथल्या नवाब अलीवर्दीखानानं दरसाल बारा लाख कबूल केले, तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या थांबल्या. पण ज्याची धास्ती त्यालाच राखणदार नेमायचं, हे सरहद्दीवरही होतंच, आणि तैनाती फौज स्वीकारणाऱ्या संस्थानिकांना इंग्रजांची धास्ती काही कमी नव्हती. म्हणून माझी तक्रार शब्दाबद्दल नाही. तो एकालाच लावण्याबद्दल आणि आजच्या अर्थानं वाचण्याबद्दल आहे. आपल्या ‘खंडणी’चंही तेच झालंय. पेशवे दप्तरातली खंडणी, म्हणजे ठरवून घेतलेला कर, उद्या कुणी पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाच्या अर्थानं वाचली, तर निम्मं दप्तर गुन्ह्यांची नोंदवही ठरेल.



आपला स्नेही