वहीतला आकडा

मोठ्या वहिनींना हिंग जळाल्याचे कळले नाही, तेथून या प्रकरणास आरंभ झाला. खामगावला आमचे पुढे चांदीचे दुकान आणि मागे राहते घर. धूर गादीपर्यंत आला, तरी त्या ओट्यापाशी शांतपणे पोळ्या लाटीत होत्या. घरात हसणे झाले आणि विषय मिटला. पुढे वर्षभर त्यांचे डोके दुखत राहिले. दिवाळीपूर्वी उधारीची बेरीज दोनदा चुकली. ज्यांनी मला पाढे शिकवले, त्यांची बेरीज चुकावी! आम्ही कधी वयाला दोष दिला, कधी जुन्या सर्दीला. नजर अंधुक होऊ लागली, तेव्हा कुठे अकोल्याला नेऊन एमआरआय केला.

कपाळामागे, मेंदूच्या तळाशी, लिंबाहून मोठी गाठ होती. मेनिन्जिओमा. ती मेंदूच्या आवरणातून उगवते, बहुधा कर्करोगाची नसते आणि सावकाश वाढते. या जागी ती घ्राणतंतूंवर दाब आणते, म्हणून गंध आधी जातो. जळालेला हिंग आम्हांस वर्षभर हेच सांगत होता.

दादांच्या मनात शल्यविशारद ठरलेलेच होते. वडिलांच्या मणक्याची शस्त्रक्रिया त्यांनी उत्तम केली होती. घरोबा होता, पर्युषणात क्षमापनेला ते आवर्जून येत. मीच भीत भीत विचारले, “डॉक्टरसाहेब, नेमक्या या जागेच्या अशा गाठी आपण स्वतः किती काढल्या?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?” त्यांच्या सज्जनपणाविषयी मला शंका नव्हती, आजही नाही. परंतु मी विश्वास विचारला नव्हता, आकडा विचारला होता. घरी परतल्यावर दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्या दोन दिवसांत मी जे मिळेल ते वाचले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणारे अमेरिकेचे हार्वे कुशिंग यांचे मला विशेष वाटले. ‘मेनिन्जिओमा’ हा शब्दही त्यांनीच 1922 साली रूढ केला. हा मनुष्य म्हणजे एक चोख वही होती! प्रत्येक रुग्णाची नोंद, गाठीचे चित्र, पुढे काय झाले याचा पाठपुरावा आणि मृत्यूंचा हिशेबही त्यांनी लपवला नाही. 1931 साली त्यांनी आपली दोन हजारावी सिद्ध झालेली गाठ काढली. तोवर त्यांच्या हाती दगावणाऱ्यांचे प्रमाण त्या काळाच्या मानाने फारच उतरले होते. आणखी एक गोष्ट आमच्या गावाने लक्षात ठेवावी अशी: जेथे दोरा बांधता येत नाही अशा मेंदूतील रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी त्यांनी 1911 मध्ये चांदीच्या बारीक चिमट्यांची युक्ती प्रसिद्ध केली. चांदीचा हा उपयोग आमच्या तीन पिढ्यांना ठाऊक नव्हता.

अमेरिकेतील मोठ्या नोंदींच्या अभ्यासांतही असे दिसले आहे, की ज्या रुग्णालयांत मेंदूच्या गाठींच्या शस्त्रक्रिया अधिक होतात, तेथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी असतात. श्रेय एकट्या हाताचे नसते. भूल देणारे, रात्री अतिदक्षता विभागात जागणारी परिचारिका, मध्यरात्री लागलाच तर स्कॅन, हे सगळे त्यात येते. मी हे दादांना वाचून दाखवले. ते एवढेच म्हणाले, “तुरीचे पोते घेताना आपण हात घालून नमुना पाहतोच की.” आणि शेगावहून मुंबईची तिकिटे काढायला त्यांनीच मुलाला सांगितले.

मुंबईच्या डॉक्टरांना तोच प्रश्न केला. त्यांना राग आला नाही. त्यांनी आकडा सांगितला; किती रुग्ण दगावले, कितींची दृष्टी परत आली नाही, तेही सांगितले. मी विचारले, “मुख्य भाग आपणच करणार ना?” कारण पाटीवर नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, असे घडू शकते. ते म्हणाले, “गाठ मी काढीन. कवटी उघडताना नि मिटताना माझे सहकारी असतील.” मग वहिनींकडे वळून म्हणाले, “वास मात्र परत येईल असे मी सांगणार नाही.” वहिनींनी एकच विचारले, “सगळ्यांची नावे आठवतील ना?”

केस काढताना त्या न्हाव्याला म्हणाल्या, “आमच्या साध्वीजी हाताने उपटतात, तुझे यंत्र काय मोठे!” बाहेर आम्ही नऊ तास बसलो. दादांनी सामायिक धरले, मी नुसताच घड्याळाकडे पाहत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून दादांना, मला आणि अकरा नातवंडांना नावानिशी ओळखले. बारावे नाव आमच्या जुन्या गड्याचे घेतले.

नजर बरीच सुधारली आहे. दर काही महिन्यांनी एमआरआय होतो. डॉक्टरमित्रांना क्षमापनेचे पत्र दादा दरवर्षी स्वतः लिहितात, पण ते आता येत नाहीत. दादांना त्याचे दुःख आहे आणि त्याचा काही भाग माझ्या खात्यावर आहे.

वहिनी पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहतात. फोडणी टाकली की धाकट्या नातीला हाक मारतात, “बघ गं, हिंग जळला का?” ती नाक पुढे करून सांगते, “नाही आजी, अजून नाही.”